भारत न पाहताच भारतीय किड्यांचे बारसे करणारा फॅब्रिशियस

हिंगोली : मृगाचा पहिला पाऊस पडला, की कयाधूच्या काठावरील शेतांमध्ये माणसांच्या आधी किड्यांची लगबग सुरू होते. सायंकाळी कडुनिंब आणि बाभळीवर हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमू लागतात. बांधावरच्या दगडांखालून काळे, चपळ भुंगेरे भक्ष्याच्या शोधात बाहेर पडतात. पुढे सोयाबीन गुडघ्याएवढे झाले की पाने कुरतडणाऱ्या अळ्या येतात, कपाशीची बोंडे उमलली की लाल ढेकण्यांचे थवे दिसू लागतात. सेनगाव असो, कळमनुरी असो की हळदीचे वसमत, शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे हे जीव आहेत. मात्र त्यांच्यापैकी अनेकांचे शास्त्रीय बारसे सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी एकाच माणसाने केले आणि त्या माणसाने हिंदुस्थानच्या भूमीवर कधी पाऊलही ठेवले नव्हते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

हा माणूस म्हणजे डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस. शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या कीड व्यवस्थापनाच्या पुस्तिका उघडल्या, तर शास्त्रीय नावांच्या शेवटी त्याचे नाव वारंवार भेटते. सोयाबीनवरील, मूळची तंबाखूची पाने खाणारी म्हणून ओळखली जाणारी अळी त्याने १७७५ मध्ये नोंदविली. हुमणीच्या एका प्रमुख जातीला १७८१ मध्ये, तर कपाशीवरील ठिपक्यांच्या बोंडअळीला १७९४ मध्ये त्यानेच नाव दिले. साठवणीतल्या कडधान्यात पडणारा भुंगेराही त्याच्याच यादीतला. त्याने केवळ शत्रूंचीच गणती केली असे नव्हे. मावा फस्त करणारा सहा ठिपक्यांचा ढालकिडा, कड्याकपारीला मोठाले पोळे बांधणारी आग्या माशी, झाडांच्या ढोलीत राहणारी सातेरी आणि झुडपात नाजूक पोळे करणारी फुलोरी या तिन्ही मधमाश्यांची शास्त्रीय नावेही फॅब्रिशियसचीच. नामाचा महिमा देशभर पोहोचविणाऱ्या संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याच्या रानातील जिवांना नावे देणाऱ्या या माणसाची ही जीवनकथा.

लिनियसच्या दारी

फॅब्रिशियसचा जन्म ७ जानेवारी १७४५ रोजी श्लेस्विग प्रांतातील टोंडर या गावी झाला. हे गाव आज डेन्मार्कमध्ये आहे. वडील वैद्यकीय व्यवसायात होते. अल्टोना येथे शालेय शिक्षण पूर्ण करून १७६२ मध्ये त्याने कोपनहेगन विद्यापीठात प्रवेश घेतला. त्याच वर्षी आपला मित्र आणि नातलग योहान झोएगा याच्यासह तो स्वीडनमधील उप्साला येथे गेला. त्या काळी उप्साला हे निसर्गाभ्यासकांचे तीर्थक्षेत्रच होते. सजीवांना दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ करणारा कार्ल लिनियस तेथे अध्यापन करीत होता.

लिनियसची ही पद्धत समजण्यास अवघड नाही. मतदार यादीत जसे आधी आडनाव आणि मग नाव असते, तसे सजीवाच्या नावातला पहिला शब्द त्याची प्रजाती सांगतो आणि दुसरा शब्द त्याची जाती. एकाच प्रजातीत अनेक जाती असू शकतात, जशी एका आडनावाची अनेक माणसे. लिनियसच्या ग्रंथाची १७५८ मधील दहावी आवृत्ती ही प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाची सुरुवात मानली जाते. त्याआधी एकेका किड्याला आठ-दहा शब्दांचे लॅटिन वर्णन हेच नाव म्हणून चिकटलेले असे.

फॅब्रिशियस उप्सालात दोन वर्षे राहिला. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी लिनियसच्या घरासमोरच बिऱ्हाड केले होते. हिवाळ्यात तांबडा आखूड झगा, डोक्यावर हिरवी लोकरी टोपी आणि हातात चिलीम अशा थाटात तो जगद्विख्यात प्राध्यापक जवळजवळ रोज या विद्यार्थ्यांच्या खोलीवर येई. अर्ध्या तासासाठी आलेला गुरू दोन-दोन तास बसून राही. उन्हाळ्यात लिनियस खेड्यावरील घरी मुक्कामाला गेला की शिष्यही त्याच्या मागोमाग जात आणि जवळच्या शेतकऱ्याकडे जागा घेऊन राहत. वर्गातल्या व्याख्यानांपेक्षा या बैठकांतच आपण अधिक शिकलो, अशी कृतज्ञता फॅब्रिशियसने पुढे आयुष्यभर बाळगली. लिनियसचे मन मात्र वनस्पतींत अधिक रमत असे. कीटकांचे क्षेत्र त्याने चाळले होते, नांगरले नव्हते. ती नांगरणी या शिष्याच्या वाट्याला आली.

पंखांऐवजी तोंड

लिनियसने कीटकांचे मुख्य गट पंखांवरून पाडले होते. कठीण पाठीचे, दोन पंखांचे, खवल्यांच्या पंखांचे, बिनपंखाचे अशी ती मांडणी होती. ती सोपी होती. पण कीटकांची संख्या वाढू लागली तशी ती अपुरी पडू लागली. विशेषतः एकेका प्रजातीत शेकडो जाती कोंबल्या जाऊ लागल्या. फॅब्रिशियसने यावर वेगळा उपाय काढला. कीटक काय खातो आणि कसा खातो, यावर त्याचे सारे जगणे अवलंबून असते. तेव्हा त्याची ओळख त्याच्या तोंडावरूनच पटली पाहिजे, असे त्याने ठरविले. जबड्याचा आकार, ओठाची घडण, मुखाजवळच्या लहान स्पर्शिकांची संख्या व लांबी, सोंड असल्यास तिची रचना यांची त्याने भिंगाखाली बारकाईने पाहणी सुरू केली.

आजच्या सूक्ष्मदर्शकांच्या काळात हे काम किरकोळ वाटेल. परंतु अठराव्या शतकातील साधे भिंग, वाळून कडक झालेला टाचणीवरचा किडा आणि त्याच्या तोंडातील केसाएवढे अवयव यांचा विचार केला, तर या निश्चयाचे मोल कळते. अनेक समकालीनांना ही पद्धत जाचक वाटली, कारण ती प्रत्यक्ष वापरणे कठीण होते. फॅब्रिशियसने हट्ट सोडला नाही. १७७५ मध्ये त्याचा पहिला मोठा ग्रंथ ‘सिस्टेमा एन्टोमॉलॉजी’ प्रसिद्ध झाला आणि कीटकशास्त्र हे निसर्गविज्ञानाच्या कडेला बसलेले अंग न राहता स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे राहिले. १७७८ च्या ‘फिलॉसॉफिया एन्टोमॉलॉजिका’ या ग्रंथात त्याने या शास्त्राचे नियमच सांगितले. त्यात त्याने मांडलेला एक विचार आजही महत्त्वाचा ठरतो. वरचे मोठे गट माणसाने आपल्या सोयीसाठी पाडलेले असू शकतात. परंतु प्रजाती हा एकमेकांशी खरे नाते असलेल्या जातींचा, निसर्गानेच बांधलेला समूह असला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

त्याने तोंडावरून केलेल्या मोठ्या गटांची नावे पुढे बहुतेक मागे पडली. एक नाव मात्र टिकले. पावसाळ्यानंतर तळ्याकाठी आणि धरणांच्या पाणथळ कडेला भिरभिरणाऱ्या चतुर व टाचण्या यांच्या गणाला आजही ‘ओडोनाटा’ म्हणजे दातवाले म्हणतात. ते नाव फॅब्रिशियसने त्यांच्या दातेरी जबड्यावरून दिलेले आहे.

तरंगमबाडीहून येणाऱ्या पेट्या

भारतातील किडे युरोपच्या उत्तर टोकाला बसलेल्या माणसाच्या भिंगाखाली पोहोचले कसे, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी या गावात मिळते. १६२० पासून १८४५ पर्यंत हे गाव डॅनिश व्यापाऱ्यांची वसाहत होते. तेथील मिशनमध्ये १७६८ पासून योहान गेरहार्ड कोनिग हा वैद्य काम करू लागला. तोही लिनियसचाच शिष्य. रुग्णसेवेतून सवड काढून तो वनस्पती आणि कीटक गोळा करी. पुढे तो अर्काटच्या नवाबाच्या आणि नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत गेला. १७८५ मध्ये आंध्र किनाऱ्यावर त्याचे निधन झाले. कोनिगने पाठविलेले नमुने आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिन्यांच्या सागरप्रवासानंतर कोपनहेगन आणि लंडनला पोहोचत. वाटेत ओल लागे, बुरशी चढे, कोरड्या किड्यांना खाणारे दुसरे किडे पेटीत शिरत. त्यातून जे बचावे, त्याला नाव मिळे.

कपाशीवरील लाल ढेकण्याला फॅब्रिशियसने १७७५ मध्ये याच कोनिगचे नाव दिले. मराठवाड्यातील कापूस उत्पादकाला त्रास देणाऱ्या या किडीच्या नावात तरंगमबाडीच्या त्या वैद्याची स्मृती अशी जपली गेली आहे. कोनिगनंतर डालडॉर्फ या डॅनिश अधिकाऱ्याने पाठविलेले भारतीय कीटकही फॅब्रिशियसच्या हाती आले आणि १७९८ च्या पुरवणी ग्रंथात त्यांतील अनेकांची नोंद झाली.

सहा थेंबांचा भुंगेरा

या साऱ्या पसाऱ्यात एका भुंगेऱ्याची कथा नामकरणाचे शास्त्र कसे चालते, हे समजण्यासाठी फार बोलकी आहे. दख्खनच्या कोरड्या माळरानांवर आणि खुरट्या झुडपांच्या प्रदेशात जमिनीवर धावणारा एक मोठा काळा भुंगेरा आढळतो. लांबी सुमारे चार सेंटिमीटर. मानेलगतच्या ढालीवर दोन आणि पाठीवर चार असे सहा पांढरे ठळक ठिपके. त्याला उडता येत नाही. पायांच्या वेगावर आणि जबड्याच्या ताकदीवर त्याचा संसार चालतो. तो इतर किड्यांची शिकार करतो. कोणी छेडले तर पोटाच्या टोकातून झोंबणारे आम्ल फवारतो. त्यामुळे डोळ्यांना इजा होऊ शकते. त्याच्या या दराऱ्याचा फायदा घेण्यासाठी काळ्या अंगावर पांढरे ठिपके मिरवणारे एक निरुपद्रवी झुरळ त्याचे सोंग घेते, असे अभ्यासक मानतात.

फॅब्रिशियसने १७७५ मध्ये या भुंगेऱ्याचे वर्णन केले आणि त्याला कॅराबस या प्रजातीत ठेवून सेक्सगुट्टॅटस असे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सहा थेंबांचा. कॅराबस ही लिनियसने केलेली प्रजाती. जमिनीवर धावणारे, शिकार करणारे जवळपास सारे भुंगेरे लिनियसने या एकाच नावाखाली आणले होते. एखाद्या गावात सर्वांचे आडनाव एकच असावे, तशी ही स्थिती होती. युरोपातील मोजक्या जातींपुरते ते चालून गेले. उष्ण कटिबंधातून पेट्या येऊ लागल्या आणि हे घर लहान पडू लागले. आज जगभरात या कुलाच्या सुमारे ४० हजार जाती ज्ञात आहेत, यावरून त्या घराची कल्पना यावी.

वाटणी करणे भागच होते. बिळे खोदणाऱ्या, कंबर बारीक असलेल्या भुंगेऱ्यांना फॅब्रिशियसने १७७५ मध्येच स्कॅराइटिस या नव्या प्रजातीत वेगळे काढले. उष्ण प्रदेशांत या प्रजातीच्या अनेक जाती आहेत. उरलेल्या कॅराबसमधून आणखी कोणकोण वेगळे निघावे, याचा विचार तो पुढची पंचवीस वर्षे करीत होता. १८०१ मध्ये त्याचा भुंगेऱ्यांवरील ‘सिस्टेमा एल्युथेराटोरम’ हा द्विखंडी ग्रंथ निघाला, तेव्हा या विचाराला अंतिम रूप आले. सहा थेंबांचा भुंगेरा आणि त्याचे आफ्रिकेतील भाऊबंद आता अँथिया या स्वतंत्र प्रजातीत गेले. नावाचा शेवटही लॅटिन व्याकरणानुसार बदलला आणि सेक्सगुट्टॅटसचा सेक्सगुट्टाटा झाला.

श्रेय शिष्याच्या पदरी

येथे इतिहासाने एक वळण घेतले. फॅब्रिशियसच्या हाताखाली कील येथे फ्रीडरिक वेबर नावाचा तरुण शिकत होता. १७८१ मध्ये जन्मलेल्या या मुलाची बुद्धी तल्लख होती. १७९५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास, त्याने गुरूच्या ग्रंथाच्या आधारे कीटकांच्या नावांची सूची छापली. १८०१ मध्ये त्याचे ‘ऑब्झर्व्हेशन्स एन्टोमॉलॉजिकी’ हे पुस्तक आले. गुरूच्या मोठ्या ग्रंथातील अनेक नव्या प्रजाती या छोट्या पुस्तकात होत्या आणि हे पुस्तक मोठ्या ग्रंथाच्या थोडे आधी बाहेर पडले.

प्राणिशास्त्रीय नामकरणात अग्रक्रमाचा नियम कडक असतो. कल्पना कोणाची, हस्तलिखित कोणाचे, याला तेथे किंमत नाही. ज्याने नाव वर्णनासह आधी छापले, त्याचे ते नाव. या नियमानुसार अँथिया ही प्रजाती आज फॅब्रिशियसच्या नव्हे, तर वेबरच्या नावावर नोंदलेली आहे. अळ्यांची शिकार करणाऱ्या कॅलोसोमा आणि उकळता रासायनिक फवारा सोडून फटाक्यासारखा आवाज करणाऱ्या ब्रॅकायनस या भुंगेऱ्यांच्या प्रसिद्ध प्रजातींचेही असेच झाले. १७९५ च्या सूचीमुळे खेकड्यांची पोर्चुनस ही प्रजातीही वेबरच्या खात्यात जमा झाली. कोकण किनाऱ्यावर सापडणारा तीन ठिपक्यांचा खेकडा याच प्रजातीतला.

अशा रीतीने सहा थेंबांच्या भुंगेऱ्याच्या पूर्ण नावात गुरू-शिष्य दोघेही नांदतात. जातीच्या नावापुढे फॅब्रिशियस आणि १७७५ हे वर्ष कंसात लिहिले जाते. हा कंस पाहून जाणकार ओळखतो, की ज्याने हे नाव ठेवले त्याने हा किडा वेगळ्या प्रजातीत ठेवला होता आणि तो नंतर दुसऱ्या घरी गेला. प्रजातीच्या नावापुढे वेबर आणि १८०१ हे वर्ष येते. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या खुणांमध्ये अडीचशे वर्षांची वंशावळ साठविलेली असते.

न मिळालेले संग्रहालय

फॅब्रिशियसचे ग्रंथवैभव पाहून त्याच्या दिमतीला मोठे संग्रहालय असावे, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती उलट होती. १७७० मध्ये तो कोपनहेगनला प्राध्यापक झाला आणि १७७५ मध्ये कील विद्यापीठात गेला. त्या वेळी कील डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते. आज ते जर्मनीत आहे. निसर्गविज्ञान आणि अर्थशास्त्र असे दोन विषय त्याच्याकडे होते. नेमणूक करताना त्याला निसर्गविज्ञानाचे संग्रहालय आणि वनस्पती उद्यान उभारून देण्याचे आश्वासन मिळाले होते. ते पाळले गेले नाही. वैतागून त्याने किमान तीनदा राजीनामा देण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी विद्यार्थ्यांनी राजपुत्राकडे धाव घेतली आणि त्याला थांबवून घेतले.

संग्रहालय त्याच्याकडे येईना, तेव्हा तो संग्रहांकडे जाऊ लागला. उन्हाळा आला की तो लंडनची वाट धरी. तेथे सर जोसेफ बँक्स याच्याकडे कॅप्टन कुकच्या जगप्रदक्षिणेतून आणलेले कीटक होते. व्यापारी आणि हौशी संग्राहक ड्रू ड्रुरी याच्याकडे जगभरातून आलेल्या पेट्या होत्या. पॅरिसमध्ये बॉस्क याचा संग्रह होता. फॅब्रिशियस एकेका घरी बसून टाचणीवरचे किडे पाही, टिपणे काढी, नावे देई आणि हिवाळ्यात कीलला परतून ग्रंथ लिही. दुसऱ्याच्या कपाटातल्या किड्यांवर आयुष्य काढणाऱ्या या प्राध्यापकाने अखेर सुमारे १० हजार जातींना नावे दिली. लिनियसच्या नावावर कीटकांच्या सुमारे तीन हजार जाती आहेत, हे पाहता शिष्याने गुरूला किती मागे टाकले, हे ध्यानात येते.

वेगाची किंमतही मोजावी लागली. त्याची वर्णने अनेकदा दोन-तीन ओळींची असत. सोबत चित्र नसे. किडा कोठला, तर भारतातला, एवढीच नोंद असे. मलबारचा की कोरोमंडलचा, डोंगरातला की माळावरचा, याचा पत्ता लागत नसे. पुढच्या पिढ्यांना अशा वर्णनावरून किडा ओळखणे दुरापास्त झाले आणि त्यांना मूळ नमुन्यांपर्यंत जावे लागले. भारतातील जमिनीवरील भुंगेऱ्यांपुरते हे काम विसाव्या शतकात एच. ई. अँड्र्यूज याने नेटाने केले. हिंदुस्थानच्या वनखात्यात नोकरी केलेल्या या अभ्यासकाने जुने नमुने पुन्हा तपासून नावांचा गुंता सोडविला आणि ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत १९२९ आणि १९३५ मध्ये दोन खंड लिहिले. फॅब्रिशियसने पाहिलेले मूळ नमुने आजही प्रामुख्याने कोपनहेगन आणि लंडन येथील संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. हवे होते तेव्हा ज्याला संग्रहालय मिळाले नाही, त्याने हाताळलेले किडे आज मोठ्या संग्रहालयांचे भूषण झाले आहेत.

पॅरिसचा मित्र आणि तुरुंगातला भुंगेरा

उत्तरायुष्यात फॅब्रिशियसचे वास्तव्य पॅरिसमध्ये वाढले. फ्रेंच राज्यक्रांतीने ढवळून निघालेल्या या शहराचे त्याला मोठे आकर्षण होते. तेथे जॉर्ज क्यूव्हिए आणि पिएर आंद्रे लात्रेय या निसर्गशास्त्रज्ञांशी त्याचा स्नेह जुळला. जमिनीवरील भुंगेऱ्यांचे कॅराबिडी हे कुल १८०२ मध्ये स्थापन करणारा तो हाच लात्रेय.

लात्रेय आणि फॅब्रिशियस यांना जोडणारा एक विलक्षण प्रसंग आहे. लात्रेय मूळचा धर्मोपदेशक. क्रांतीच्या धामधुमीत त्याला बोर्डोच्या तुरुंगात टाकण्यात आले. कैद्यांना तपासायला आलेल्या वैद्याने त्याला कोठडीच्या फरशीवरील एक लहानसा भुंगेरा निरखून पाहताना पाहिले. हा भुंगेरा दुर्मीळ आहे, असे लात्रेयने सांगितले. वैद्याने तो किडा ओळखीच्या एका तरुण निसर्गप्रेमीकडे नेला. त्याने लात्रेयचे नाव ऐकले होते. त्याच्या खटपटीने लात्रेय सुटला. त्याच्या सोबतचे बहुतेक कैदी वाचले नाहीत. त्या भुंगेऱ्याला १७७५ मध्ये नाव देणारा होता फॅब्रिशियस. किड्याच्या नावाला काय किंमत, असे विचारणाऱ्यांना लात्रेयचे प्राण हे त्याचे उत्तर ठरावे.

फॅब्रिशियसची दृष्टी नावांपुरती मर्यादित नव्हती. जाती अचल आहेत, हे त्या काळचे मत त्याला पुरते पटले नव्हते. संकरातून आणि परिस्थितीशी जुळवून घेताना होणाऱ्या बदलांतून नव्या जाती निर्माण होऊ शकतात, तसेच माणसाचे मूळ वानरांत आहे, असे विचार त्याने मांडले. चार्ल्स डार्विनचा जन्म १८०९ चा, हे लक्षात घेतले म्हणजे या विचारांचे धाडस कळते.

अखेरचा प्रवास

सप्टेंबर १८०७ मध्ये ब्रिटिश आरमाराने कोपनहेगनवर तोफांचा मारा केला. शहराचा मोठा भाग जळून गेला. ही बातमी पॅरिसला पोहोचली, तेव्हा फॅब्रिशियसची प्रकृती ढासळलेली होती. प्रवास करू नये, असे वैद्यांनी बजावले होते. परंतु देश संकटात असताना परक्या शहरात राहणे त्याला रुचले नाही आणि वैद्यांचा सल्ला न जुमानता तो कीलला परतला. ज्या लंडनमध्ये त्याने आपल्या आयुष्यातले उमेदीचे उन्हाळे घालविले, जेथील विद्वानांनी त्याला आपली कपाटे उघडून दिली, त्याच देशाच्या तोफांनी त्याच्या राजाची राजधानी भाजून काढावी, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. या प्रवासानंतर त्याची प्रकृती सावरली नाही. ३ मार्च १८०८ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

बांधावरचा वारसा

फॅब्रिशियसची तोंडावरून वर्गीकरणाची पद्धत त्याच्यानंतर फार काळ एकटी टिकली नाही. लात्रेय आणि त्याच्या पुढच्या अभ्यासकांनी सर्व अवयवांचा एकत्रित विचार सुरू केला. आज त्याच्या जोडीला जनुकीय तपासणी आली आहे. मात्र मुखाची रचना पाहिल्याखेरीज कीटकाचे वर्गीकरण पुरे होत नाही, हा त्याचा धडा कायम राहिला. प्रजाती ही सोयीची पेटी नसून नात्याने बांधलेले घर असावे, हा त्याचा आग्रहही.

शेतीच्या दृष्टीने या नावांचे मोल अधिकच आहे. कुरतडणारी कीड आणि चोखणारी कीड यांच्यावरचे उपाय निराळे असतात. तोंडावरून किडा ओळखण्याचा फॅब्रिशियसचा हट्ट येथे थेट बांधावर उपयोगी पडतो. नाव चुकले की उपाय चुकतो. प्रत्येक काळा भुंगेरा हुमणीचा नसतो. हुमणीचा भुंगेरा झाडाचा पाला खातो आणि त्याची अळी पिकाची मुळे. जमिनीवर धावणारे कॅराबिडी कुलातील बहुतेक भुंगेरे मात्र अळ्या आणि इतर किडे खाऊन शेतकऱ्याची फुकट राखण करतात. अंधारात दोघेही सारखेच भासतात आणि सरसकट फवारणीत किंवा चपलेखाली राखणदारही चोरासोबत मारला जातो.

टोंडरच्या त्या वैद्यपुत्राने कयाधू पाहिली नाही, पूर्णा पाहिली नाही, मृगाच्या पावसाने दरवळणारी काळी माती हुंगली नाही. समुद्रापारच्या पेटीतून आलेला, पाय मोडलेला, रंग उडालेला एकेक किडा त्याने भिंगाखाली धरला आणि त्याला जगात ओळख दिली. हिंगोलीच्या शिवारात आज पहिल्या पावसानंतर जे जीव बाहेर पडतात, त्यांतील कितीतरींच्या कपाळी त्याच्याच हाताने नाव लिहिलेले आहे. मित्र कोण आणि शत्रू कोण, हे त्या नावावरून वेळीच ओळखणे मात्र बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या हाती उरते.